बिनसाखरेची गमी आणि डब्यावरची चिठ्ठी



ईद असो, कुणाच्या मुलाची बिस्मिल्लाह असो की शाळेतला वाढदिवस, मुलांच्या हातात हल्ली हमखास एक वस्तू पडते. रबरासारखी मऊ, रंगीत, अस्वलाच्या नाहीतर फळाच्या आकाराची गमी. त्याच घरात दादा किंवा नानी मधुमेहाच्या गोळ्या घेत असतात. नातू आपल्यातली एक गमी त्यांच्यापुढे धरतो, आणि त्यांना हात मागे घ्यावा लागतो. म्हणून 'बिनसाखरेची गमी घरी करता येईल का' हा प्रश्न आता बऱ्याच घरांतून ऐकू येतो.

करता येते. सामान थोडे लागते आणि अर्ध्या तासात काम उरकते. मात्र चूल पेटवण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे आपल्याकडे हवीत. गमी घट्ट कशाने होते? आणि गोड कशाने होते? पहिला प्रश्न हलालचा आहे, दुसरा तब्येतीचा. सूरह अल-बकराच्या १६८व्या आयतीत खाण्याविषयी 'हलाल' आणि 'तय्यब' हे दोन्ही शब्द एकत्र आले आहेत. पहिल्या शब्दाबाबत आपण दक्ष असतो. दुकानदाराला चार प्रश्न विचारतो. दुसऱ्याबाबत मात्र पाकिटावर 'शुगर फ्री' दिसले की आपली चौकशी संपते. ती तिथे संपू नये, एवढ्यासाठी हा लेख.

घट्ट कशाने होते?

गमीचा जन्म जर्मनीतला. बॉन शहरातील हान्स रिगेल यांनी १९२० साली 'हरिबो' ही कंपनी काढली आणि १९२२ साली अस्वलाच्या आकाराची गमी बाजारात आणली. आज जगभर बहुतेक गमी जिलेटिनने घट्ट केल्या जातात. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या कातडीतून आणि हाडांतून काढलेले प्रथिन. युरोपात ते मोठ्या प्रमाणावर डुकराच्या कातडीपासून बनते, भारतात मुख्यतः गुराढोरांच्या हाडांपासून. याच हरिबो कंपनीच्या तुर्कस्तानात बनणाऱ्या हलाल मालात गोवंशाचे जिलेटिन असते. म्हणजे पाकिटावरचे नाव तेच, अस्वलही तेच, पण आतला माल कुठे बनला यावर सगळे अवलंबून.

भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर शाकाहारी मालासाठी हिरवी आणि मांसाहारी मालासाठी तपकिरी खूण असते. जिलेटिनच्या गमीवर तपकिरी खूण येते. पण ते कोणत्या जनावराचे आणि ते जनावर जबह केलेले होते का, हे ती खूण सांगत नाही. हिरवी खूणही फक्त 'माल शाकाहारी आहे' इतकेच सांगते. अल्कोहोलमध्ये विरघळवलेल्या इसेन्सबद्दल ती गप्प असते. आणि परदेशातून नातेवाइकांच्या बॅगेतून येणाऱ्या पाकिटांवर आपल्याकडची खूण नसतेच. तिथे बारीक अक्षरांतली घटकांची यादीच वाचावी लागते. यादीत 'जिलेटिन' असेल आणि हलालचे प्रमाणपत्र नसेल तर ते पाकीट बाजूला ठेवावे. रंगांत १२० हा क्रमांक दिसला तर तो कारमाइन, म्हणजे किड्यापासून काढलेला लाल रंग. याउलट ४०६ म्हणजे अगर आणि ४४० म्हणजे पेक्टिन. ही दोन्ही वनस्पतींकडून मिळतात.

जिलेटिन बनताना मूळ वस्तूचे स्वरूप इतके बदलते की हुकूमही बदलतो, असे काही उलेमांचे मत आहे. अनेकांना ते मान्य नाही. त्या चर्चेत निर्णय देण्याचे काम आमचे नाही. ज्यांना खुलासा हवा त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र हा प्रश्न उद्भवू न देण्याचा मार्ग आपल्या घरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तो म्हणजे चायना ग्रास.

रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरख्वानवर दुधाचे थंडगार चायना ग्रास अनेक घरांत असते. हेच अगर-अगर. नावात गवत असले तरी ते गवत नाही. समुद्रातल्या लाल शेवाळापासून ते काढतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मन्नारच्या आखातात असे शेवाळ गोळा केले जाते. बाजारात अगर पांढऱ्या लांब दोऱ्यांच्या रूपात मिळते आणि केकचे सामान विकणाऱ्या दुकानात पावडरच्या रूपातही.

अगर आणि जिलेटिन यांच्या स्वभावात मोठा फरक आहे. जिलेटिनची जेली शरीराच्या उष्णतेलाही वितळते. म्हणून जिलेटिनची गमी तोंडात विरघळते आणि मे महिन्यात दप्तरात चिकटून बसते. अगर साधारण ३५ ते ४० अंश सेल्सियसला घट्ट होते, पण एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळायला सुमारे ८५ अंश लागतात. या गुणाने विज्ञानाचेही मोठे काम केले आहे. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेस जिवाणूंवर काम करत होते. जिवाणू वाढवण्यासाठी वापरलेले जिलेटिन उष्णतेने पातळ होऊन जाई. त्यांच्या पत्नी फॅनी हेस घरी जेलीसाठी अगर वापरत. १८८१ साली त्यांनी प्रयोगशाळेतही अगर वापरून पाहण्यास सुचवले. आज रक्ताची किंवा लघवीची 'कल्चर' तपासणी होते तेव्हा जिवाणू बहुधा अगरवरच वाढवले जातात. एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातून निघालेली ही गोष्ट आपल्या मुलींना जरूर सांगावी.

साखर काढली की काय काय जाते?

मिठाईत साखर फक्त गोडीसाठी असते, असा आपला समज असतो. गमीत ती आणखी तीन कामे करते. वजन आणि भरीवपणा देते. पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे गमी लवचिक राहते आणि तिला पाणी सुटत नाही. आणि पाणी असे बांधलेले असल्यामुळे बुरशीला व जिवाणूंना ते मिळत नाही. म्हणून बाजारची गमी महिनोन्‌महिने टिकते.

साखर काढली की ही तिन्ही कामे थांबतात. त्यामुळे घरची बिनसाखरेची गमी बाजारच्यासारखी ताणली जाणार नाही. ती चावली की तुटेल, जेलीच्या जवळची लागेल. ती फ्रीजमध्येच ठेवावी लागेल आणि चार-पाच दिवसांत संपवावी लागेल. हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर मुले पहिल्याच घासाला 'ही तशी नाही' म्हणतात आणि करणाऱ्याचा हिरमोड होतो. मुलांनाच आधी सांगावे की ही दुकानातली गमी नाही, आपल्या घरची आहे.

गोड कशाने होते?

इथे सर्वांत जास्त गोंधळ आहे. अनेक पाककृतींत साखरेऐवजी मध, खजूर किंवा गूळ घालतात आणि खाली लिहितात 'शुगर फ्री'. खजूर खाणे सुन्नत आहे, मधात शिफा आहे, यावर आपला विश्वास आहे. पण रक्तातली साखर मोजणारे यंत्र त्यांनाही साखर म्हणूनच मोजते. १०० ग्रॅम मधात सुमारे ८० ग्रॅम साखर असते आणि सुक्या खजुरात साधारण ६० ते ७० ग्रॅम. हिशेब करून पाहू. पाव लिटर रसाच्या सुमारे ५० छोट्या गमी होतात. त्यात चार मोठे चमचे मध घातला तर साखर होते जवळपास ६८ ग्रॅम. म्हणजे १० गमी खाल्ल्या की पोटात गेली १३-१४ ग्रॅम, तीन चहाच्या चमच्यांहून अधिक. सुदृढ मुलाला कधीतरी ती चालेल. पण 'शुगर फ्री आहे, खा' असे म्हणून ती नानीच्या हातावर ठेवणे बरोबर नाही.

दुसरा गट सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल, एरिथ्रिटॉल यांचा. बाजारच्या शुगर फ्री गमीत बहुधा माल्टिटॉल असते. ते साखरेपेक्षा कमी पण रक्तातली साखर वाढवतेच. ग्रॅममागे साखरेच्या साधारण निम्म्या कॅलरी देते. शिवाय सॉर्बिटॉल आणि माल्टिटॉल आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत. जास्त खाल्ले की पोट फुगते आणि जुलाब होतात. म्हणून अशा पदार्थांवर 'पोट सैल होऊ शकते' अशा अर्थाचा इशारा छापलेला असतो. मुलाने अख्खे पाकीट संपवले तर रात्र जागून काढावी लागेल. घरात कुत्रे पाळलेले असेल किंवा दारात येत असेल तर झायलिटॉल त्याच्यासाठी विष आहे, हेही लक्षात असू द्यावे.

तिसरा गट अगदी थोड्या प्रमाणात फार गोड लागणाऱ्या वस्तूंचा. स्टीव्हिया साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड, सुक्रालोज सुमारे सहाशे पट. यांनी रक्तातली साखर वाढत नाही. मात्र पुड्यांमध्ये भर म्हणून डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा लॅक्टोज मिसळलेले असते, तेव्हा तिथेही यादी वाचावी. अ‍ॅस्पार्टेम उकळले की त्याची गोडी कमी होते, म्हणून या कामासाठी ते घेऊ नये.

मग ही पुडी सगळ्या घराने वापरावी का? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सल्ला दिला की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा कृत्रिम किंवा नैसर्गिक गोडव्यांवर अवलंबून राहू नये. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना हा सल्ला लागू केलेला नाही. आमच्या मते घरासाठी याचा अर्थ सरळ आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी, डॉक्टरांना विचारून, स्टीव्हियाची गमी करावी. ज्या मुलांना मधुमेह नाही त्यांच्यासाठी फळाची, वरून काहीही न घातलेली गमी करावी. त्यांची जीभ कमी गोडीला सरावली तर तो फायदा आयुष्यभराचा आहे.

कोकमाची गमी, स्टीव्हियाची

कोकमात मुळातच साखर फार कमी असते आणि रंग असा सुंदर येतो की वेगळा रंग लागत नाही. आगळ मात्र घेऊ नये, त्यात मीठ असते. १०-१२ आमसुले धुऊन अर्धा कप गरम पाण्यात अर्धा तास भिजवावीत, कुस्करून गाळून घ्यावीत. १०० मिलिलिटर रस निघाला पाहिजे.

पातेल्यात १५० मिलिलिटर थंड पाणी घेऊन त्यात अगर पावडरचे दोन चहाचे चमचे, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, भुरभुरावेत आणि पाच मिनिटे तसेच ठेवावे. मग मंद आचेवर ढवळत उकळी आणावी आणि उकळी आल्यावर दोन-तीन मिनिटे शिजू द्यावे. अगर नुसते गरम करून भागत नाही, उकळलेच पाहिजे. मिश्रण पारदर्शक दिसले आणि चमच्याला कण लागले नाहीत की गॅस बंद करावा. पावडर नसेल तर चायना ग्रासच्या दोऱ्यांचे १० ग्रॅमचे पाकीट बारीक कापून याच पाण्यात अर्धा तास भिजवावे आणि पूर्ण विरघळेपर्यंत शिजवावे. पाणी आटले तर थोडे वाढवावे. हे पाकीट अर्धा ते पाऊण लिटर दुधाच्या पुडिंगला पुरते. गमी घट्ट हवी म्हणून तेवढेच पाव लिटरला.

आता कोकमाचा रस कोमट करून घालावा. रस आधी घालून उकळू नये, कारण आंबट वस्तूबरोबर उकळले की अगरची पकड ढिली पडते. आणि फ्रीजमधला थंड रस घालू नये, नाहीतर अगर जागच्या जागी गुठळ्या धरते. सहा-सात चमचे साखरेइतकी गोडी येईल इतका स्टीव्हिया घालावा. एक पुडी किती चमचे साखरेइतकी हे पाकिटावर लिहिलेले असते. थोडी वेलची पूड किंवा गुलाबपाणी घालावे, इसेन्स नको. तुपाचा हात लावलेल्या ताटात किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये ओतावे. पाऊण तासात घट्ट होते, फ्रीजचीही गरज नाही. छोटे चौकोन कापून ते जाळीवर पसरून फ्रीजमध्ये रात्रभर उघडे ठेवले तर वरून थोडे सुकतात आणि चावायला बरे लागतात.

मुलांची, फळाची

डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मुबलक असते. १०० ग्रॅम स्ट्रॉबेरीत साखर फक्त ५ ग्रॅमच्या आसपास. पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा १५० मिलिलिटर गर करावा, अगर १०० मिलिलिटर पाण्यात उकळून त्यात मिसळावे, बाकी कृती वरचीच. अननसाचीही करता येते. ताज्या अननसातले पाचक द्रव्य जिलेटिनला घट्ट होऊ देत नाही. अगरवर त्याचा परिणाम होत नाही. आंब्याची छान होते, पण आंब्याच्या गरात १०० ग्रॅममागे सुमारे १४ ग्रॅम साखर आहे. ती फळाची गमी आहे, बिनसाखरेची नव्हे.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. चार वर्षांखालील मुलाला गमीचा अख्खा तुकडा देऊ नये. बारीक कापून, बसवून, समोर थांबून खाऊ घालावा. आणि आंबट पदार्थ दातांच्या वरच्या थराला झिजवतो, साखर असो वा नसो. खाऊन झाल्यावर चूळ भरण्याची सवय लावावी.

डब्यावरची चिठ्ठी

आता सर्वांत महत्त्वाचे. फ्रीजमध्ये एकसारखे दिसणारे दोन डबे तयार झाले, आणि घरात एखादी व्यक्ती इन्सुलिन घेणारी आहे. आपल्या वर्गांतही अशी मुले असतात. मधुमेह फक्त वडीलधाऱ्यांचा आजार नाही. इन्सुलिन घेणाऱ्याची किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याची साखर कधी अचानक उतरते. हातपाय थरथरतात, घाम येतो, बोलणे अडखळते. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ताबडतोब खरी साखर द्यावी लागते. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासून, गरज पडल्यास पुन्हा तेवढीच द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. रोजा असला तरी अशा वेळी सोडावा, असे मधुमेहतज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे.

अशा घाईच्या क्षणी कुणी फ्रीज उघडून स्टीव्हियाची गमी हातात दिली तर? जिभेला गोड लागेल, देणाऱ्याला समाधान वाटेल, पण साखर वाढणार नाही आणि मोलाची मिनिटे निघून जातील. ज्या गुणासाठी आपण ती केली, तोच गुण त्या क्षणी घातक ठरेल. उलटही घडते. पाहुणी आलेली फुफी स्ट्रॉबेरीचा किंवा आंब्याचा डबा 'बिनसाखरेचा' समजून निर्धास्त खाते आणि दुसऱ्या दिवशी साखर का वाढली याचा विचार करत बसते.

म्हणून डब्यावर चिठ्ठी हवी. शेजारी वाटायला पाठवलेल्या वाटीसोबतही हवी. जो आपल्या हातचे खातो तो आपल्या शब्दावर खातो. त्याला आत काय आहे हे सांगणे ही अमानत आहे. ही चिठ्ठी मुलांकडून लिहून घ्यावी, मराठीत आणि उर्दूतही, म्हणजे दादा-दादींना चष्मा शोधावा लागणार नाही आणि मुलांचे अक्षरही सुधारेल. मजकूर एवढाच पुरे:

पहिल्या डब्यावर: 'कोकम, अगर, स्टीव्हिया. साखर नाही. साखर उतरली असेल तर ही देऊ नका. साखरेचे पाणी द्या.'

दुसऱ्या डब्यावर: 'स्ट्रॉबेरी, अगर. वरून साखर घातलेली नाही, पण फळाची साखर आहे.'

आणि दोन्हींवर, केल्याची तारीख.